पहिली भाकर बाहेरच्यांची

काल संध्याकाळी कोल्हे ओरडले. या हिवाळ्यातली ही पहिलीच कोल्हेकुई. मी स्वयंपाकघरात मेथी निवडत होते. आधी एकच आवाज आला, लांबून, अरवलीच्या उतारावरून. मग दुसऱ्याने त्याला उत्तर दिलं, आणि मग सगळ्यांनी मिळून असा काही गळा काढला की सोसायटीतली झाडून सगळी कुत्री भुंकायला लागली. आई पलंगावर बसून टीव्ही पाहत होती. ती उठली, मागच्या दाराची कडी लावली, ओढून पाहिली आणि परत येऊन बसली. टीव्हीचा आवाज तिने थोडा वाढवला.

दिल्लीच्या हिवाळ्याचं कौतुक मी पुष्कळ ऐकलेलं आहे, काही वर्षं स्वतः केलेलंही आहे. लालचुटूक गाजरं, गोड मटार, मुळ्याचे पराठे, कपाटातून काढलेल्या रजयांना येणारा डांबरगोळ्यांचा वास. कस्तुरबा गांधी मार्गावर जेवणाच्या सुट्टीत ऑफिसं रिकामी होतात आणि सगळा सरकारी नोकरवर्ग हिरवळीवर उन्हाला पाठ देऊन बसतो. त्यात मीही बसलेली आहे, संत्री सोलत, आणि ही कसली संत्री, आमच्याकडची खाऊन पाहा, असं शेजारच्या टेबलवाल्यांना सुनावत. हे सगळं खरं आहे. पण याच दिवसांत सकाळी घशात काहीतरी जळकं बसलेलं असतं, सूर्य दिसतो पण त्याचं ऊन पोचत नाही, आणि दुपारचा चहा संपेपर्यंत संध्याकाळ होते. मला हा ऋतू आता सोसत नाही. फुप्फुसांना सोसत नाही, असं डॉक्टर म्हणतात. मी मान डोलावते. फुप्फुसांचं काय ते डॉक्टर जाणोत, माझं कारण वेगळं आहे.

आमची सोसायटी गुरुग्रामच्या अगदी टोकाला. बिल्डरने जाहिरातीत मोर छापला होता आणि खाली ‘जंगल फेसिंग’ असं लिहिलं होतं. मोर आहेत, खोटं नाही. त्याने कोल्हे छापले नव्हते इतकंच. इमारतीच्या मागे फरशीची एक पट्टी आहे, मग तारेची जाळी, आणि जाळीपलीकडे थेट जंगल. वेडी बाभूळ, बोरी, मधूनच एखादा पळस. कधीकधी रोही जाळीला नाक लावून उभे राहतात. इथे त्यांना नीलगाय म्हणतात, पण आईने तो शब्द कधी तोंडात घेतला नाही. आमच्या अमरावतीकडे रोही ते रोहीच, दिल्लीत आले म्हणून त्यांची गाय कशी होईल, असा तिचा सवाल असतो.

आई आमच्याकडे आली ती काही वर्षांपूर्वी, बाबा गेल्यानंतरच्या दिवाळीला. यायला तयार नव्हतीच. माझ्या नवऱ्याची बदली गुवाहाटीला झालेली, घरात मी आणि उत्पला, माझी लेक, दोघीच. तू ये, आम्हालाच सोबत होईल, असं मी परोपरीने सांगितलं. शेवटी ती म्हणाली, बंडू येत असेल तर येते. बंडू म्हणजे बाबांचा कुत्रा. पांढरा, बुटका, शेपटी वर वळलेली, आणि स्वभावाने गावच्या पोलीस पाटलासारखा. बाबांच्या शेवटच्या दिवसांत तो त्यांच्या खाटेखाली बसून असायचा, आणि बाबांना नेलं त्यानंतरही खाट उभी करेपर्यंत तिथून हलला नाही. आई त्याच्याशी दिवसभर बोलायची, जे बाबांशी बोलायची तेच. भाजीत मीठ जास्त झालं का, पाय का दुखतो आहे, अमकीचा फोन काऊन आला नाही. दिल्लीत तिला बोलायला दुसरं होतं कोण? मी ऑफिसात, उत्पला कॉलेजात. बंडू होता तोवर ती इथे टिकणार होती. तो नसता तर तिने अमरावतीच्या त्या बंद घरात एकटीने परत जाण्याचा हट्ट धरला असता, आणि बाबांच्या मागे तीही फार दिवस काढणार नाही, ही भीती मी नवऱ्याला फोनवर बोलूनही दाखवली होती.

थंडी वाढली तसं आईने बाबांचा लाल स्वेटर कापून बंडूला अंगरखा शिवला. बाह्या कापताना तिला रडू आलं. मग बंडू तो घालून बाहेर निघाला तेव्हा हसूही आलं.

त्याच सुमारास जाळीपलीकडे कोल्हे दिसायला लागले. सोसायटीच्या व्हॉट्सॲपवर कल्लोळ उठला. कोणी लांडगा म्हणालं, कोणी बिबट्याचं पिल्लू. आमच्या घरात हसून पुरेवाट झाली. कोल्ह्याला घाबरायचं? आई तर शेतात वाढलेली. तिच्या लहानपणी कोल्हे बोरीखाली पडलेली बोरं वेचायचे, मक्याची कणसं मोडायचे, आणि एखाद्या पोराने टाळी वाजवली तरी शेपूट घालून नाहीसे व्हायचे.

“कोल्हा काय करते बाप्पा?” ती म्हणायची. “बोरं खाते, अन् माणूस दिसला का पयते.”

“आजी, ते जॅकल आहेत यार,” उत्पला म्हणायची. कोल्हा हा तिच्या लेखी गोष्टीतला प्राणी होता, द्राक्षं आंबट म्हणणारा. जाळीपाशी दिसतो तो वेगळा कोणीतरी, असं तिला वाटायचं.

बंडूची समजूतही आमच्यासारखीच होती. तरुणपणी त्याने बाबांच्या शेतात एक कोल्हा पार नाल्यापर्यंत पळवत नेला होता. बाबा ती हकिकत येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, बंडू समोर बसून ऐकायचा, आणि त्याला ती पाठ झाली असावी. इथेही तो जाळीपाशी जाऊन छाती काढून भुंकायचा. वरच्या मजल्यावरच्या बाईंचं मांजर एके दिवशी दिसेनासं झालं तेव्हाही आम्हाला काही सुचलं नाही. मांजरच ते, दुसरं घर धरलं असेल, असं आई म्हणाली, आणि मला ते पटलं.

आता भाकरीचं सांगायला हवं, कारण सगळं तिच्यापाशी येऊन थांबतं.

आमच्या घरात संध्याकाळची पहिली भाकर बाहेरच्यांची असते. उरलेली नाही, पहिली. तव्यावरून उतरलेली, पापुद्रा सुटलेली, वाफ निघत असलेली. आई ती मोडून त्यावर चमचाभर वरण घालते, कधी मटणाचा रस्सा असला तर तो घालते, आणि दाराबाहेर नेऊन ठेवते. कुत्रं येवो, मांजर येवो, गाय येवो. ताटातलं उष्टं किंवा सकाळचं शिळं आमच्या घरातून कोणालाही दिलेलं मी पाहिलेलं नाही, जनावरालासुद्धा नाही. शिळं उरलंच तर आम्ही खायचं. याचं कारण मला फार मोठेपणी कळलं, तेही बाबांकडून. आईची आई गावात घरोघर जाऊन शिळंपाकं मागून आणायची. तेव्हा आपल्या लोकांनी तेच खायचं असा गावाचा रिवाज होता. धम्मदीक्षा घेतली त्या वर्षी आजोबांनी ते मागायचं मडकं अंगणात आपटून फोडलं आणि सांगितलं, आजपासून या घरात कोणी उष्टं खाणार नाही आणि या घरातून कोणाला उष्टं दिलं जाणार नाही. पहिला अर्धा नेम पुष्कळांनी पाळला. दुसऱ्या अर्ध्यासाठी आईसारखी बाई लागते.

दिल्लीत ज्वारीचं पीठ मिळतं, पण आईच्या मनाला येत नाही. म्हणून राजेंद्रनगरात यूपीएससीची तयारी करणारी आमच्याकडची मुलं सुट्टीवरून परतताना आमच्यासाठी पिशवी आणतात आणि त्या बदल्यात जेवून जातात. त्या पिठाची पहिली भाकर घेऊन आई रोज दिवे लागायच्या वेळेला मागच्या दाराने निघायची. पुढे लाल अंगरख्यातला बंडू, मागे शाल पांघरलेली आई. जाळीपाशी एक सपाट दगड होता, त्यावर ती भाकर ठेवायची. जाळी खालून उचकटलेली होती, भटकी कुत्री तिथून ये-जा करायची. वॉचमन हात जोडून म्हणायचा, माताजी, बड़ा पुण्य का काम है. आई मला हळूच विचारायची, पुण्य कशाचं, भूक लागली तर खाऊ घालावं न माणसानं?

कुत्र्यांच्या जागी कोल्हे कधी यायला लागले ते तिला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ती खूश होऊन आत आली. “बारकंच आहे व,” तिने सांगितलं. “कानाचं टोक फाटलं आहे. दगडापाशी बसून राह्यते, मी मागं सरकली का खाते.” मग मीही खिडकीतून पाहिलं. धुक्याच्या रंगाचंच जनावर, पायाकडे जरा तांबूस. खाताना डोळे वर, आमच्या दाराकडे लावलेले. मला ते देखणं वाटलं. टाळी वाजवली असती तर पळालं असतं, अशी माझी खात्री होती. पण आम्ही टाळी वाजवली नाही. रोज गरम भाकर देणाऱ्या बाईला कोणी कशाला घाबरेल?

त्या संध्याकाळी धुकं लवकर उतरलं होतं. मी ऑफिसातून नुकतीच आले होते, पायातले मोजे काढत होते. मागून बंडूचं भुंकणं आलं, रोजचंच. मग ते भुंकणं अर्ध्यात तुटलं. मग आईचा आवाज आला. ती कोणाला हाक मारत नव्हती, नुसतीच ओरडत होती. मी अनवाणी धावले. आई जाळीला दोन्ही हातांनी धरून उभी होती, शाल खाली पडलेली. तिने भाकर ठेवली होती आणि ती वळली होती. दगडापाशी ते फाटक्या कानाचं आलं, बंडू त्याच्या अंगावर गेला, आणि ते पळालं, अगदी शेतातल्यासारखं, शेपूट घालून. बंडू विजयाने मागे लागला, जाळीखालून पलीकडे गेला. पलीकडे बोरीच्या झुडपात आणखी दोघं होते.

आम्ही टॉर्च घेऊन हाका मारल्या. वॉचमनने काठी आपटली. उत्पला मोबाइलवर बाबांचा आवाज लावत होती, जुन्या व्हिडिओतला, बंडू, बंडू म्हणून हाक मारणारा. तो ऐकून आई खाली बसली.

सकाळी वॉचमनला अंगरखा सापडला. बोरीच्या काट्यांना अडकलेला, एका बाजूने फाटलेला. त्यावर फारसं रक्तही नव्हतं. आईने तो गरम पाण्यात धुतला, उन्हात वाळवला, घडी केली आणि तिच्या पेटीत ठेवला. जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही जेवली नाही. मी बुद्धवंदना म्हणायला बसवलं तर तिचे ओठ हलले, आवाज आला नाही. “मी जातो आता अमरावतीले,” ती म्हणाली. बाबा गेले तेव्हा मला जेवढं रडू आलं नव्हतं तेवढं त्या दोन दिवसांत आलं, आणि ते बंडूसाठी होतं की आईसाठी, ते मला अजून सांगता येत नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सोसायटीचे सेक्रेटरी आले. मेहताजी. माणूस वाईट नाही. त्यांची नात बागेत खेळते, कोणाला तरी पिसाळलेला कोल्हा चावल्याचंही त्यांच्या कानावर आलं होतं, आणि भीती त्यांच्या चेहऱ्यावर खरीच होती. सोबत आणलेली मिठाई त्यांनी टेबलावर ठेवली, बंडूबद्दल हळहळले, मग आईसमोर खुर्ची ओढून बसले.

“माताजी, हमने सब करके देख लिया. मीट रखा, ब्रेड रखा, सूंघते भी नहीं. आपकी रोटी पर ही आते हैं. बस आज एक बना दीजिए. बाकी हम देख लेंगे.”

आईला कळायला एक क्षण लागला. मला लगेच कळलं, आणि माझ्या अंगावर काटा आला. काटा आला तो रागाने आला असं मी म्हणेन, पण पूर्ण खरं सांगायचं तर मनाचा एक कोपरा म्हणाला, देऊन टाक. त्यांनी आपलं काय ठेवलं?

आई उठून स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली, जणू ते आत घुसून परात उचलणार होते. मग तिच्या त्या अमरावतीच्या हिंदीत म्हणाली, “मेरे हात की भाकर खा के कोई नहीं मरा. किसीने भी नहीं.”

“पर माताजी, उन्होंने आपका कुत्ता...”

“मेरा था न कुत्ता? तो मेरेकू रोने दो.”

मेहताजी गेले. मिठाई तशीच राहिली. त्या रात्री आईने भाकरी केल्या आणि दोन घास खाल्ले. अमरावतीचं नाव तिने पुन्हा काढलं नाही. ती इथे असली म्हणजे तिच्या दगडावर कोणी दुसरं काही ठेवणार नाही, असं तिने मनाशी ठरवलं असावं. बंडू असता तर ती त्याच्यासाठी राहिली असती, आता ती त्याला खाणाऱ्यांसाठी राहिली. हे मला तेव्हा गिळता येत नव्हतं.

मी सरकारी माणूस. वन खात्यात दोन-चार फोन फिरवले आणि एक वनरक्षक सकाळी मोटारसायकलवरून आला. हरियाणवी, मफलरमध्ये गुंडाळलेला, घाईत. त्याने जाळी पाहिली, दगड पाहिला, कचऱ्याचे उघडे डबे पाहिले. पलीकडे नवे टॉवर उठत होते तिकडे हनुवटीने खूण करून म्हणाला, उधर इनकी मांदें थी, सारी खुद गई. कोल्ह्यांची बिळं त्या खोदकामात गेली होती. विष घालायचं नाव काढाल तर केस होईल, हे त्याने मेहताजींना बजावलं. जाळी खालून बुजवा, डब्यांना झाकणं लावा, छोटे कुत्रे संध्याकाळनंतर सोडू नका, सोडले तर पट्ट्याला धरून. मग आईकडे वळला.

“खाना बंद कर दो, माताजी.”

“म्हणजे उपाशी ठेवायचं?” आईने मला विचारलं. मी त्याला हिंदीत सांगितलं.

“भूखे ना मरें. जंगल में बेर है, चूहे हैं. आपकी रोटी से मरेंगे. आज आपने जहर ना दिया, कल कोई और दे देगा. इनको आपसे डर ना लगता, बस यही बीमारी है. थाली बजाओ, चिल्लाओ. इतना कि दुबारा इस दरवाजे की तरफ देखें भी ना.”

जाळी बुजवायला प्लंबर, गवंडी, कमिटीची मंजुरी असं सगळं लागणार होतं, म्हणजे आठवडा तरी. तोवर थाळीच. मी म्हणाले, मी वाजवते, तू आत बस. उत्पला म्हणाली, आजी, मी स्पीकर लावते ना, फुल व्हॉल्यूम. आई म्हणाली, त्याले मी सवय लावली, मीच मोडतो.

त्या संध्याकाळी तिने भाकरी थापल्या. पहिली तव्यावरून उतरली, हात सवयीने ती मोडायला गेला आणि थांबला. तिने ती आमच्याच दुरडीत ठेवली. मग पितळी ताट घेतलं, पळी घेतली, आणि मागच्या दारात जाऊन उभी राहिली. मी तिच्या मागे.

तो आला. फाटक्या कानाचा. जाळीखालून निवांत आत आला, दगड हुंगला, रिकामा होता म्हणून त्याच्यापाशी बसला आणि आईकडे पाहायला लागला. आईने ताट वाजवलं. तो दचकला, उठला, दोन पावलं मागे सरकला आणि परत बसला. त्याला वाटलं असेल, आज उशीर आहे. आईने पुन्हा वाजवलं, जोराने. तो उठून उलट एक पाऊल पुढे आला. तिला ओळखत होता तो. ताटाचा आवाज असा घुमत होता की वरच्या गॅलऱ्यांमधून लोक डोकावायला लागले. मी पुढे होऊन पळी घ्यायला गेले तेवढ्यात ती ओरडली.

“हाड. हाड. निघ इथून. हाड.”

तो आवाज माझ्या ओळखीचा नव्हता. आईने आयुष्यात कोणाला असं म्हटलेलं मी ऐकलेलं नाही, आमच्या दारात आलेल्या खरजुल्या कुत्र्यालासुद्धा नाही. तो मागे फिरला. जाळीखाली शिरताना त्याने एकदा वळून पाहिलं, आणि आईने ताट दाराच्या चौकटीवर आपटलं. मग तो दिसेनासा झाला.

आई आत आली. ताटाला पोचा आला होता. तिने ते घासलं, पुसलं, मांडणीवर ठेवलं, आणि ओट्याला टेकून उभी राहिली. मी तिच्या खांद्यावर शाल घातली.

“माह्या मायले असंच हाकलत,” ती म्हणाली. “सणासुदीले जाय न ती मागाले. मी तिचा पदर धरून उभी. कोण्या घरी देत, कोण्या घरी हाच शब्द. हाड. जसं कुत्र्याले म्हणते तसं. एक बाई होती, तिचं तोंड मले आजही आठवते, ओरडतानाचं.”

तिने माझ्याकडे पाहिलं.

“माहं कसं दिसत होतं व तोंड आता?”

मी म्हणाले, अंधार पडला होता ग आई, मला दिसलंच नाही. बाहेर अजून चांगला उजेड होता.